मुंगी घाटाच्या पायथ्याला

प्रश्न : मुक्काम नातेपुत्यात आहे, सोबत आठ वर्षांची नात. अर्ध्या दिवसात डोंगरातून थोडं चालता येईल का?

उत्तर : येईल. कोथळे गावाच्या अंगाने शिखर शिंगणापूरच्या डोंगराकडे जा. इथेच मुंगी घाट. चैत्र शुद्ध द्वादशीला शंभू महादेवाच्या कावडी याच कड्यावरून चढवतात. माणसांची साखळी करून, खडकात पाय रोवत. नातीला घेऊन तो नाद नको. पायथ्यापर्यंतचं चालणं पुरे, दर्शनाला वर गाडीने जा. मुलूख पर्जन्यछायेचा, त्यामुळे महाबळेश्वरची हिरवाई शोधू नका. पावसाळा सरला की मात्र उतारावर कुसळी गवत पिवळं पडतं आणि कुसळं थेट पायमोज्यात घुसतात. फुलपँट घाला. सकाळी सातला निघा, पाणी माणशी दोन लिटर घ्या.