शिखराचे नाम : एक विचार

हिमालयाचे सर्वोच्च शिखर भारतीय त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या दप्तरी प्रथम केवळ 'पंधरावे शिखर' होते. राधानाथ सिकदार यांचा वाटा असलेल्या गणनेतून त्याची उंची निघाली. १८५६ साली ती २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. स्थानिक नाव राखण्याचा सर्वेक्षणाचा प्रघात असता, महासर्वेक्षक अँड्र्यू वॉ यांनी 'स्थानिक नाव कळत नाही' म्हणून पूर्वाधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव सुचविले.

येथे शंका अशी की, ज्याचे नाव दिले त्यास तरी ते मान्य होते काय? समाधान : नव्हते. हे नाव हिंदीत लिहिता येत नाही व या देशीच्या लोकांस उच्चारता येत नाही, असा आक्षेप त्यांनी स्वतः १८५७ साली घेतला. तरी १८६५ साली लंडनच्या राजेशाही भूगोल संस्थेने तेच स्वीकारले.

दुसरी शंका : शिखर अनाम होते काय? तेही नव्हे. तिबेटी लोक त्यास चोमोलुंग्मा म्हणत. हा शब्द अठराव्या शतकातील फ्रेंच नकाशातही आढळतो. नेपाळात 'सगरमाथा' हे नाव पुढे विसाव्या शतकात इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी पुढे आणले.

तात्पर्य, आपणांस नाव ठाऊक नसणे आणि वस्तूस नाव नसणे, या दोन गोष्टी भिन्न होत. जिज्ञासूने आपले अज्ञान वस्तूच्या माथी मारू नये.