एका खारट बिअरची गोष्ट

शीर्षकात ‘बिअर’ वाचून हॉस्टेलच्या पोरांनी शिट्ट्या मारायची आणि रेक्टर सरांनी भुवया उंचावायची काही गरज नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात आणि मला आत्ता वीस चालू आहे. त्यामुळे हा लेख चाखून नाही, वाचून लिहिलेला आहे. शिवाय शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा मराठी जरा गोड मानून घ्या!

तर मित्रहो, या बिअरचं नाव ‘गोझे’. जर्मनीत हार्झ डोंगराच्या पायथ्याशी गोस्लार नावाचं जुनं खाणींचं गाव आहे. तिथली राम्मेल्सबर्गची खाण आणि जुनं गाव १९९२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. गावातून वाहणाऱ्या गोझे नदीचंच नाव या बिअरला मिळालं. पुढे अठराव्या शतकात ती लाइपझिग शहरात पोचली आणि तिथलीच होऊन गेली.

आता चव. नेहमीची बिअर कडवट असते, कारण त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालतात. गोझेत हॉप्स अगदी कमी. निम्म्याच्या आसपास किंवा जास्तच माल्ट गव्हाचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या गव्हाचं, बाकीचं बार्लीचं. त्यात धने आणि चक्क मीठ! आणि आंबटपणा येतो तो लॅक्टिक ॲसिडच्या जिवाणूंमुळे. हे जिवाणू म्हणजे आपल्या दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद. म्हणजे धने आणि मीठ घातलेलं ताक आठवा, त्यातलं दूध वजा करा आणि फेस मिळवा... साधारण अंदाज येईल! अल्कोहोल चार-पाच टक्क्यांच्या आसपास.

यात केमिकलवाल्यांसाठी एक मुद्दा आहे. हॉप्समुळे लॅक्टिक जिवाणूंची वाढ रोखली जाते. म्हणून आंबट बिअर हवी तर हॉप्स कमीच ठेवावे लागतात. रेसिपीतली एक गोष्ट बदलली की दुसरी आपोआप बदलते, ती अशी.

दुसरा मुद्दा बाटलीचा. जुन्या लाइपझिगमध्ये गोझेच्या बाटलीची मान लांब आणि निमुळती असायची आणि तिला बूच नसायचं! बाटलीत फर्मेंटेशन चालूच राहायचं, कार्बन डायऑक्साइडबरोबर यीस्ट मानेत वर चढायचं आणि तिथेच त्याचा घट्ट गोळा होऊन तोंड बंद व्हायचं. सील बनवायला वेगळं मशीन नाही, प्रोसेसच सील बनवते. डिझाइनच्या पेपरात असं उत्तर लिहिलं तर सर किती मार्क देतील कोण जाणे!

जर्मनीत बिअरच्या शुद्धतेचा प्रसिद्ध नियम आहे. १५१६ साली बव्हेरियात तो निघाला : बार्ली, हॉप्स आणि पाणी, बस्स. १९०६ पर्यंत तो साऱ्या जर्मन साम्राज्यात लागू झाला. धने-मिठाची गोझे त्यात बसत नाही, पण प्रादेशिक खासियत म्हणून तिला सूट मिळाली. १९०० च्या सुमारास लाइपझिगमध्ये गोझे देणारी ऐंशीच्या वर ठिकाणं होती.

आणि तरीही ती संपली. कशी, ते महत्त्वाचं.

लाइपझिगला मुख्य पुरवठा डोलनित्झ गावच्या कारखान्यातून व्हायचा. १८२४ पासून तिथे गोझे बनत होती. १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, हा कारखाना बंद पडला. तिथे काम केलेल्या फ्रीडरिश वुर्त्सलरला कृती माहीत होती. त्याने १९४९ मध्ये लाइपझिगमध्ये छोटा कारखाना काढला. मरण्याआधी त्याने कृती सावत्र मुलाला, गुईडो फ्निस्टरला सांगितली. १९६६ मध्ये फ्निस्टर गेला आणि गोझेही गेली. विचार करा, एका शहराचं आवडतं पेय शेवटी एका माणसाच्या डोक्यात उरलं होतं!

१९८० च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या लोथार गोल्डहानने लाइपझिगची एक जुनी गोझेची खानावळ दुरुस्त करायला घेतली. तिचं नाव ‘ओने बेडेन्केन’, आपल्या भाषेत ‘बिनधास्त’. पण बिनधास्तमध्ये गोझे नको का? त्याने गोझे प्यायलेल्या म्हाताऱ्या लोकांना गाठलं आणि चव नेमकी कशी होती ते विचारून घेतलं. म्हणजे जिभेवरच्या आठवणीवरून रिव्हर्स इंजिनियरिंग! स्थानिक कारखाने असली विचित्र बिअर बनवायला तयार होईनात. शेवटी पूर्व बर्लिनमधल्या, आंबट बिअरचीच सवय असलेल्या एका कारखान्याने ती बनवली आणि १९८६ मध्ये खानावळ उघडली. २००० साली लाइपझिगच्या बायरिशर बानहोफ या जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीतही गोझे बनू लागली.

यात नशिबाचा भाग मोठा आहे. मधे वीसच वर्षं गेली होती, म्हणून चव आठवणारी माणसं जिवंत होती. साठ वर्षं गेली असती तर विचारायचं कोणाला?

हे वाचताना मला वर्कशॉपमधले मामा आठवले. जुन्या लेथचा आवाज ऐकून ते सांगतात की कुठला गिअर कुरकुरतोय. ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. ते रिटायर झाले की ते ज्ञानही गेटबाहेर जाणार. घरीही तेच. आजीला लोणच्यात मीठ किती विचारलं तर उत्तर ठरलेलं, “अंदाजाने.” हा अंदाज म्हणजे पन्नास वर्षांचा डेटा आहे, फक्त लिहिलेला नाही. आणि आपण? जर्नलमध्ये सिनियरचं रीडिंग उतरवून सही घेतो.

म्हणून या सुट्टीत एवढंच करा. आजी मीठ घालेल तेव्हा आधी वाटी वजनकाट्यावर ठेवा. मामांच्या शेजारी वही घेऊन बसा. काय, किती, किती वेळ आणि का, हे चार रकाने पुरेत. माणसं समोर आहेत तोवर विचारता येतं.