प्राध्यापक व्हायचंय? मग नेटही हवी आणि कन्नडही

धारवाडच्या सप्तापुरात संध्याकाळी पाठीवर सॅक घेतलेली मुलं एका क्लासमधून दुसऱ्या क्लासकडे जाताना दिसतात. बहुतेकांचा डोळा सरकारी स्पर्धापरीक्षांवर असतो. त्यांतच एखादी मुलगी असते, तिला कॉलेजात शिकवायचंच असतं. तिचे आईवडील भेटले की एकच विचारतात: यात पोट भरेल का, आणि कधी?

पोट चांगलं भरतं, पण उशिरा. मधली वर्षं कशी काढायची, याचा विचार आधीच करायला हवा.

आधी पैशाचं बोलू. कायम सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होतं, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं. सहयोगी प्राध्यापकाचं 1,31,400 पासून. पण तिथवर जायला पीएच.डी. लागतेच. 2023 पासून सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी ती सक्तीची नाही, म्हणून काहीजण टाळतात. मला ते पटत नाही. पहिली बढतीसुद्धा पीएच.डी. असेल तर चार वर्षांनी आणि नसेल तर सहा वर्षांनी मिळते.

आता आपल्या सीमेवरच्या घरांचा खास प्रश्न. कॉलेजात शिकवायला नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) लागते. हुबळी-धारवाडच्या मराठी घरातली मुलं 'सेट तरी देऊन ठेवू' म्हणत कोल्हापूरला किंवा गोव्यात परीक्षेला जातात. पास झाल्याचे पेढेही वाटले जातात. पण 1 जून 2002 नंतर उत्तीर्ण झालेली सेट ज्या राज्याची, त्याच राज्यात चालते. महाराष्ट्र-गोव्याची सेट धारवाडच्या कॉलेजात उपयोगी नाही आणि कर्नाटकाची केसेट कोल्हापुरात नाही. आपल्या मुलांचं आयुष्य तीन राज्यांत विभागलेलं असतं: मामा सांगलीत, आत्या मडगावला, घर धारवाडच्या मालमड्डीत. त्यांनी नेटच धरावी. ती सगळीकडे चालते आणि वर्षातून दोनदा होते.

नेटमध्ये जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली, तर पीएच.डी. करताना पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये मिळतात. घरावर भार न टाकता संशोधन करण्याची याहून चांगली वाट मला माहीत नाही. तिची वयोमर्यादा 30 आहे, मुलींना पाच वर्षांची सवलत. 'लग्न आधी की नेट आधी' असा वाद ज्या घरात चालू आहे, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट नेट देता येते, हे खरं. पण कर्नाटकाने 2024 मध्ये पदवी पुन्हा तीन वर्षांची केली. तेव्हा इथल्या मुलांनी एम.ए., एम.एस्सी. धरूनच हिशेब मांडावा.

दुसरी गोष्ट कन्नडची. 2021 साली सरकारी पदवी कॉलेजांसाठी 1,242 जागांची भरती निघाली, त्यात कन्नडचा पेपर सक्तीचा होता. बाजारात बोलण्यापुरती कन्नड अशा पेपरला पुरत नाही. मुलांना ती लिहिता यायला हवी. घरात मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कन्नडचे थोर कवी झाले, ते याच धारवाडात. आणि त्यांनाही स्थिर प्राध्यापकी मिळाली ती 1944 साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास, तीही सोलापूरच्या डी.ए.व्ही. कॉलेजात. गाव सोडावं लागलं तर मुलांना अडवू नका.

सगळ्यात जास्त काळजी मला गेस्ट लेक्चररची वाटते. 2022 मध्ये कर्नाटक सरकारने सरकारी पदवी कॉलेजांतल्या गेस्ट लेक्चररांचं मानधन वाढवून 26 ते 32 हजारांच्या दरम्यान नेलं, पुढे त्यात आणखी भर पडली. पण ती कायम नोकरी नव्हे. दरवर्षी नव्याने अर्ज, नव्याने यादी. 'यंदा परमनंट होईल' म्हणत पस्तिशी ओलांडलेली हुशार माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याकडे पाहून जीव तुटतो. शिकवण्याचा सराव म्हणून दोन-तीन वर्षं जरूर करा. पण त्याच वर्षांत नेट आणि पीएच.डी.चा प्रवेश झालाच पाहिजे. खाजगी कॉलेजात रुजू होताना नेमणुकीचं पत्र, वेतनश्रेणी आणि पीएफ लेखी घ्या. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका.

इंजिनिअरिंगचा मार्ग वेगळा: तिथे नेट लागत नाही, एम.टेक. लागतं. कृषी विद्यापीठाकडे जाणाऱ्यांची नेट कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ घेतं; ती विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) नेट नव्हे. धारवाडला 2016 पासून आयआयटी आहे, तिथे पीएच.डी. करायला मिळाली तर घरचा डबा खाऊन देशातल्या चांगल्या प्रयोगशाळेत काम करता येईल.

हे वाचून झाल्यावर मुलीशी एकदा शांतपणे बसून बोला. नेटला किती वेळा बसायचं आणि तोवर घरून दरमहा किती देता येईल, हे दोन्ही आकडे कागदावर लिहा आणि तो कागद तिच्याकडेच राहू द्या.