ट्रॅक्टरची संरक्षक चौकट व तिच्या वांकण्याचें गणित

ट्रॅक्टरच्या आसनामागें जी लोखंडी कमान उभी असते, तिला संरक्षक चौकट म्हणतात. ट्रॅक्टर उलटल्यास चालक खालीं चिरडला जाऊं नये, एवढेंच तिचें काम. स्वीडन देशानें १९५९ सालीं नव्या ट्रॅक्टरांस ती सक्तीची केली. आपल्याकडील कित्येक बागाईतदार ती फांद्यांस अडते म्हणून काढून ठेवितात. कोणी गांवच्या कारागिराकडून नळ्या जोडून तशीच दुसरी करवून घेतात. ती नुसत्या अंदाजानें कां करूं नये, हें समजण्यास तिच्या वांकण्याचें गणित, व तें संगणकावर कसें करितात, हें पाहिलें पाहिजे.

भार दुप्पट केला कीं ताण दुप्पट होतो, हा नियम रॉबर्ट हुक ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. ज्यास त्रैराशिक येतें त्यास हें गणित येतें. परंतु साध्या पोलादाची एक मीटर लांबीची कांब सुमारें सव्वा मिलिमीटर ताणली जाईपर्यंतच हा नियम पाळते. तोंवर भार काढला कीं ती पूर्ववत् होते. त्यापुढें मात्र भार फारसा न वाढतां ती शंभर-दोनशें मिलिमीटरहि लांबते, आणि परत येत नाहीं. नांगराची दांडी दगडास अडून वांकते तेव्हां हेंच घडतें.

चौकटीचें खरें काम ह्या दुसऱ्या भागांतलें आहे. ओईसीडी ह्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या एका चांचणींत चौकट बाजूनें हळूहळू दाबितात. ट्रॅक्टरच्या दर किलोग्रॅम वजनामागें तिनें १.७५ जूल ऊर्जा पचवावी, अशी अट आहे. २००० किलोग्रॅमच्या ट्रॅक्टरास हे ३५०० जूल झाले. म्हणजे तो सबंध ट्रॅक्टर सुमारें १८ सेंटीमीटर उचलण्यास लागणारी ऊर्जा. ऊर्जा म्हणजे बळ गुणिलें अंतर. चौकट मुळींच वांकली नाहीं तर अंतर नाहीं, ऊर्जाहि पचत नाहीं, आणि सगळा तडाखा तळाच्या बोल्टांवर व जोडांवर जातो. फार वांकली तर चालकाची मोकळी जागा दबते. जाड नळी म्हणजे भक्कम चौकट, ही समजूत येथें फसते.

संगणकांत प्रथम चौकटीची आकृति मापांसह काढितात. मग शंकु-साखळीच्या मोजणींत वांकड्यातिकड्या शेताचे त्रिकोण पाडतात तसे तिचे हजारों बारीक तुकडे पाडितात. ह्या तुकड्यांच्या रीतीस आज रूढ असलेलें नांव रे क्लफ ह्या अमेरिकन अध्यापकानें १९६० सालीं दिलें. भार एकदम न ठेवितां हप्त्याहप्त्यानें ठेवितात. दर हप्त्यास पाहावयाचें तें हें: कोणत्या तुकड्यानें मर्यादा ओलांडली, चौकट कलल्यामुळें भाराची दिशा व तरफेची लांबी किती बदलली, आणि कोठें एक भाग दुसऱ्यास नव्यानें टेंकला. बाहेरचें बळ व आंतील प्रतिबळ जमलें नाहीं तर तोच हप्ता पुन्हा सोडवितात. ताळा जमल्यावांचून पुढें जात नाहींत. आमचें आयुष्य जमाबंदीच्या ताळ्यांत गेलें, त्यामुळें ही रीत आम्हांस परकी वाटली नाहीं.

मात्र संगणकास विवेक नाहीं. कोणी त्यास त्रैराशिकाचीच आज्ञा दिली, तर पोलादास पेलणार नाहीं असा पांचपट ताणहि तो सुरेख रंगीत चित्रांत दाखवितो आणि कुरकुर करीत नाहीं. जोडाजवळील लोखंडाचे गुण चुकीचे दिले तरी तेंच. म्हणून हिशेबानंतर खरी चौकट दाबून पाहावीच लागते. आपल्या देशांत मध्य प्रदेशांतील बुदनी येथील सरकारी संस्थेंत ट्रॅक्टरांची चांचणी होते.

दिवा बसविण्याकरितां चौकटीस भोंक पाडणें किंवा तिजवर कांहीं जोडणें म्हणजे हा सारा हिशेब मोडणें होय. एकदां वांकलेली चौकट तापवून सरळ करूं नये, बदलावी; तिच्या लांबण्याचा साठा खर्च झालेला असतो. घडीची चौकट बागेंत खालीं केली असेल तेवढ्या वेळेपुरता आसनाचा पट्टा बांधूं नये. बागेबाहेर येतांच ती उभी करावी, खिळी घालावी, व पट्टा बांधूनच बांधावर चढावें.