जळालेल्या व्हॉल्व्हविषयी भाच्यास पत्र

सांगली

चि. भाच्यास,

तुझे पत्र आणि जळालेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची छायाचित्रे पावली. प्रीमियर पद्मिनीच्या त्या १०८९ सीसी इंजिनाचे कॉम्प्रेशन वाढवून, व्हॉल्व्ह अधिक काळ उघडा ठेवणारा कॅमशाफ्ट तू बसविलास आणि आता पसरणीचा घाट गाडी हौसेने चढते, हे वाचून संतोष झाला. परंतु कोणते व्हॉल्व्ह घ्यावेत या तुझ्या प्रश्नाआधी जुना व्हॉल्व्ह कशाने जळाला याची खातरजमा झाली पाहिजे, अन्यथा कितीही मोलाचा नवा व्हॉल्व्ह त्याच मार्गाने जाईल.

पेट्रोल इंजिनात या व्हॉल्व्हचे मस्तक सातशे-आठशे अंशांपर्यंत तापते, आणि त्या उष्णतेचा बहुतांश हिस्सा, व्हॉल्व्ह सीटवर टेकलेला असतो तेवढ्याच अवधीत, सीटमार्गे हेडात व तेथून पाण्यात उतरतो. उरलेला दांडीवाटे गाईडकडे जातो. तुझ्या नव्या कॅमशाफ्टने हा टेकण्याचा अवधीच कमी केला आहे. त्यात टॅपेटची फट तंग राहिली, तर तापून लांबलेली दांडी व्हॉल्व्हला पुरता बसू देत नाही आणि धगधगता वायू सीटशी उरलेल्या फटीतून सुटून व्हॉल्व्हची कड कातरतो. छायाचित्रात खाच एकाच बाजूस दिसते, म्हणजे वायू तेथूनच सुटत असावा. तेव्हा धातूवर आरोप ठेवण्यापूर्वी टॅपेट, वाकडी सीट आणि झिजलेले गाईड या तिघांची जबानी घे.

सांगली-सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत यंत्रविद्या परकी नाही. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, आणि सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात नांगरांबरोबर डिझेल इंजिनेही झाली; विहिरीवरच्या इंजिनांवर हात बसलेले उत्तम कारागीर इकडे गावोगाव आहेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण त्यांचे ठोकताळे तुझ्या कामी येणार नाहीत, कारण डिझेलचा धूर पेट्रोलच्या मानाने थंड असतो आणि विहिरीवरचे इंजिन एकाच संथ चालीने चालते.

आता धातूविषयी. ज्याला व्यापारी ‘एकवीस-चार-एन’ म्हणतात, म्हणजे ज्यात सुमारे एकवीस टक्के क्रोमियम, चार टक्के निकेल आणि थोडा नायट्रोजन असतो, ते पोलाद घे. मस्तकाला चुंबक लावून पाहा. चिकटला, तर तो बहुधा इनटेक व्हॉल्व्हचा माल आहे, परत कर. दांडीला मात्र चिकटला तर भांडू नकोस, कारण पुष्कळदा दांडी निराळ्या पोलादाची असून मस्तकाशी सांधलेली असते. दांडीवर क्रोमचा थर असावा, आणि बैठकीच्या कडेवर स्टेलाइट चढविलेले मिळाल्यास थोडे अधिक दाम देण्यास हरकत नाही. शिसेयुक्त पेट्रोल २००० सालच्या फेब्रुवारीपासून आपल्या देशात बंद झाले. त्यातील शिशाचा पातळ लेप सीटचे जे रक्षण करी, ते आता कठीण धातूनेच करावयाचे आहे. म्हणून सीटही कठीण हवी. नवा व्हॉल्व्ह आणि मऊ सीट ही तजवीज अर्धवटच होय.

टायटॅनियमचा विचार सोड. सोडियम भरलेले पोकळ व्हॉल्व्हही नकोत. एखाद्या अजाण लेथवाल्याने ते कापले तर अपघात होईल. कासची फुले पाहण्यास जाणाऱ्या गाडीला शर्यतीचा सरंजाम कशाला?

मापांत कुचराई नको. एक्झॉस्ट सीट दीड ते दोन मिलिमीटर रुंद राहू दे. शर्यतवाल्यांच्या अनुकरणाने ती अरुंद केलीस, तर उष्णता उतरण्याचा रस्ताच अरुंद होतो. मस्तकाची कड मिलिमीटरपेक्षा पातळ असलेला व्हॉल्व्ह घेऊ नकोस. ती लाल होऊन ठिणगीआधीच मिश्रण पेटविते. शिवाय नव्या कॅमशाफ्टच्या उचलीला व्हॉल्व्ह पिस्टनला भिडत नाही ना, हेही तपासून घे.

एक गोष्ट राहिली. आपल्याच उसाचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते, आणि जुन्या कार्ब्युरेटरला त्याची वर्दी कोणी देत नाही. मिश्रण पातळ होऊन तापमान चढते. त्यामुळे मेन जेट एक पायरी मोठा लावून प्लगचा रंग पाहा.

हेड उघडलेलेच आहे, तर गाईडमध्ये दांडी किती हलते ते मोजून कळव, म्हणजे गाईड बदलावयाचे की नाही ते सांगता येईल. ताईस नमस्कार.

तुझा
मामा