तासाभरात सुटणारं कोडं आणि सहा वर्षांचा शोध



नववीच्या वर्गात 'दाब' शिकवत होतो. एका मुलाने हात वर केला. "सर, टीव्हीवर बुडालेलं जहाज शोधणारे डायव्हर काही धोका दिसला की सपकन वर येतात. मला पोहता येतं, मी पण येईन." वर्ग हसला, पण मला हसू आलं नाही. हाच मुलगा मे महिन्यात घरच्यांबरोबर तारकर्लीला स्कुबा करायला जाणार होता. म्हणून पुढच्या तासाला पुस्तक बाजूला ठेवलं आणि एक खरी गोष्ट सांगितली.

गोष्ट यू-८६९ ची

१९९१ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी किनाऱ्यापासून दूर, सुमारे ७० मीटर खोलीवर काही डायव्हरना दुसऱ्या महायुद्धातली एक जर्मन पाणबुडी सापडली. ती कोणती, हे कुणालाच सांगता येईना, कारण नोंदींप्रमाणे त्या जागी जर्मन पाणबुडी असायलाच नको होती. जॉन चॅटरटन आणि रिची कोहलर हे दोघं तिच्या मागे लागले. आत एक सुरी मिळाली. तिच्या मुठीवर 'होरेनबर्ग' असं नाव कोरलेलं होतं. या नावाचा खलाशी यू-८६९ वर होता खरा, पण कागदपत्रं म्हणत होती की यू-८६९ जिब्राल्टरजवळ बुडाली. शेवटी १९९७ मध्ये सुट्या भागांच्या पेटीवरची पट्टी हाती आली आणि ओळख पक्की झाली. चूक छापील नोंदीचीच होती. सहा वर्षं लागली. पाणबुडीतले ५६ जण तिथेच चिरनिद्रेत होते.

गंमत बघा. हेच चॅटरटन आणि कोहलर पुढे हिस्टरी चॅनेलवर 'डीप सी डिटेक्टिव्ज' ही मालिका सादर करू लागले. तिथे जाहिराती धरून एका तासात एका जहाजाचं कोडं हाताळलं जाई. माणसं तीच, समुद्र तोच, फक्त वेळ कापलेला!

पडद्यावर न दिसणारं विज्ञान

पाण्यात दर १० मीटरला दाब साधारण एक वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावरचा एक धरला तर ७० मीटरवर आठपट दाब होतो. दाब वाढला की श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात जास्त विरघळतो. त्याने खोलवर गुंगी येते आणि साधे निर्णयही चुकतात. वर येताना दाब कमी होतो आणि हा वायू बाहेर पडू लागतो. हळू आलं तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आलं तर शरीरातच बुडबुडे होतात.

म्हणून यू-८६९ वर तळाशी वीस-पंचवीस मिनिटं काम केलं की वर येताना तासाभराहून अधिक वेळ दोराला धरून टप्प्याटप्प्याने थांबावं लागे. थंड पाणी, काही करायचं नाही, फक्त घड्याळ बघायचं. टीव्हीवर हा तास कसा दाखवणार? प्रेक्षक चॅनेल बदलेल. म्हणून तो कापला जातो आणि मुलांना वाटतं की डायव्हर खाली जातो, वस्तू उचलतो आणि वर येतो.

या शोधात तीन डायव्हरनी जीव गमावला. त्यात एक बापलेकाची जोडी होती. १९९२ मध्ये मुलगा पाणबुडीच्या आत अडकला. सुटका होईपर्यंत वेळ आणि हवा दोन्ही संपत आली. दोघं टप्पे न घेता थेट वर आले आणि वाचले नाहीत. हे सांगितल्यावर वर्गात कुणी हसलं नाही.

वर्गात किंवा घरी करून बघा

१. सोड्याच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीचं झाकण झटकन उघडा, दुसरीचं अगदी हळूहळू. फेस कुठे जास्त येतो? विरघळलेला वायू आणि दाब यांचा संबंध मुलं स्वतःच सांगतील.

२. १० मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथून श्वास रोखून वर आलं तर फुफ्फुसातल्या हवेचं आकारमान किती होईल, हे गणित मुलांना करू द्या. "वर येताना श्वास कधीच रोखायचा नाही" हा स्कुबाचा पहिला नियम मग पाठ करावा लागत नाही.

३. असा एखादा कार्यक्रम मुलांबरोबर बघा आणि विचारा, "या दोन दृश्यांच्या मध्ये काय घडलं असेल? हे खरं कशावरून?" यू-८६९ नेमकी कशाने बुडाली यावर आजही मतभेद आहेत, हेही सांगा. उत्तर न मिळणं हाही अभ्यासाचाच भाग आहे.

टीव्हीला नावं ठेवायची नाहीत. समुद्राखालचं जग मुलांच्या घरात त्यानेच आणलं. कुतूहल त्याने जागं करावं, कापलेला तास आपण भरून काढावा.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो मुलगा धावतच आला. "सर, शिकवणाऱ्या दादांनी विचारलं, वर येताना काय करायचं? मी म्हटलं, हळू यायचं आणि श्वास चालू ठेवायचा." त्या वर्षी 'दाब' या धड्याची वेगळी परीक्षा घ्यायची मला गरज वाटली नाही.