होडी ऐकत नाही म्हणतेस, तर ऐक

अगं, रात्री तुझा भोपाळहून फोन आला तेव्हा आई शेजारीच होती, म्हणून जास्त बोलले नाही. इथे भिलाईत आपल्या सेक्टरमध्ये शिडाच्या होडीबद्दल बोलायला तसं कोण आहे? मरोदा तलावाचं पाणी सगळ्यांनी पाहिलंय, पण त्यावर कुणी शर्यत लावत नाही. म्हणून नीट लिहितेय.

तुझं म्हणणं एवढंच ना, की वाऱ्याचा झोत आला की टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, ओढून ओढून खांदा भरून येतो, तरी होडीचं नाक वाऱ्याकडे वळतंच? आणि कुणीतरी म्हणालं, "मुलींच्या हातात जोर कमी." ते आधी डोक्यातून काढ. प्रश्न तुझ्या हाताचा नाहीच, शिडाचा आहे.

होडी कलंडली की शिडाचा जोर पाण्याच्या बाजूला, बाहेर लोंबतो. पाण्याचा विरोध मात्र होडीच्या अंगाशीच राहतो. या दोन जोरांच्या ओढाताणीत नाक वाऱ्याकडे फिरतं. यालाच तुमचे कोच वेदर हेल्म म्हणतात. तू टिलर ओढून ते थांबवतेस, म्हणजे सुकाणू पाण्यात आडवं धरतेस. तो ब्रेकच झाला. फारच आडवं झालं की त्याच्यावरून पाणी सुटं होतं आणि ते वळवायचंही बंद होतं. त्यातून होडी जास्त कलंडलेली असेल तर निम्मं पातं पाण्याबाहेरच असतं. मग कितीही ओढ!

म्हणून झोत येताना दिसला की टिलर नाही, मेनशीट, म्हणजे शिडाची दोरी. वीतभर सोड, त्याच क्षणी अंग बाहेर टाक, होडी सपाट झाली की शीट परत घे. हे उशिरा केलंस तर उपयोग नाही. झोत लागायच्या आधी, पाण्यावर काळी लहर दिसताच हात तयार हवा. वारा वाढला असेल तर किनाऱ्यावरच कनिंगहॅम, म्हणजे शिडाची पुढची कड ताणणारी दोरी, चांगला ओढ. शिडाचा फुगवटा डोलकाठीकडे सरकतो, वरची मागची कड मोकळी होते, हातावरचं ओझं लगेच उतरतं. बूम खाली धरणारा व्हँगही घट्ट हवा, नाहीतर शीट सोडल्यावर बूम बाहेर जायच्या ऐवजी वर उचलला जातो.

तुझी आयएलसीए ४ बघ ना. शीड फक्त ४.७ चौरस मीटरचं, होडी मात्र मोठ्या गटाचीच. लहान शिडाने जोर पुढे सरकू नये म्हणून त्या डोलकाठीचा खालचा तुकडा मुद्दाम मागे कललेला बनवलाय. बनवणाऱ्यांनीसुद्धा सुकाणूचा प्रश्न शिडाच्या जागेवर सोडवलाय, हे मला फार आवडतं.

वाऱ्याकडच्या खुणेला वळसा घालताना मात्र उलटी गडबड होते. तिथे व्हँग आधी थोडा ढिला कर. ताणलेल्या व्हँगने बूमचं टोक पाण्यात शिरलं की होडी पुन्हा वाऱ्याकडे फिरते किंवा सरळ उलटते. होडी सपाट ठेव, शीट भराभर सोड, नाक आपसूक खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर, येईल. टिलरला फक्त साथ द्यायची. आणि मागून वारा घेताना होडी डुलायला लागली तर घाबरून शीट आणखी सोडू नकोस, थोडी ओढून घे.

सुरुवातीच्या रेषेवर होडी उभी असते. सुकाणूवरून पाणी वाहत नाही, म्हणून ते मेलेलं. मग टिलर जोरजोरात हलवायचा मोह होतो. ते स्कलिंग, नियम ४२ मोडतो. पंचांनी पिवळा झेंडा दाखवला की दोन गिरक्या घ्याव्या लागतात, आणि तेवढ्यात सगळा ताफा पुढे. त्यापेक्षा खालच्या बाजूला जागा राख, शिडात वारा भरून थोडी गती घे, मग वळ.

नेहा ठाकूर आठवते ना? देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, तुमच्या भोपाळच्याच बड्या तलावावर शिकली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत आयएलसीए ४ मध्येच रौप्यपदक आणलं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. दुर्गहून अमरकंटक एक्स्प्रेसने एका रात्रीत पोचता येतं तिथे ती घडलीय, लांब कुठे नाही.

आता एक कर. वारा बेताचा असेल त्या दिवशी, कोचांना विचारून आणि रेस्क्यू बोट जवळ ठेवून, सुकाणू काढून होडी चालवून बघ. डॅगरबोर्डची पाण्यातली फळी थोडी वर घे. शीट ओढलीस की नाक वाऱ्याकडे, सोडलीस की खाली. वाऱ्याच्या बाजूला कललीस की खाली, उलट बाजूला की वर. पहिल्यांदा गोल गोल फिरशील, फिरू दे. सरळ रेषेत जायला लागलीस की फोन कर. आईला खांद्याचं काही सांगू नकोस, पण रात्री गरम पाण्याचा शेक घे.

तुझी ताई